पिवळ्या झाकणाचं पाणी

४ फेब्रुवारी, मंगळवार

नागीण आहे म्हणाले डॉक्टर. मला घामोळं वाटलं होतं. डाव्या बरगडीपासून पाठीपर्यंत पट्टा उठलाय. शर्ट टेकला तरी निखारा ठेवल्यासारखं होतं.

लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, विचारलं. झाल्या होत्या. म्हणाले, तेच विषाणू, इतकी वर्षं आत झोपून होते. पहारा ढिला पडला की उठतात. मग माझे जुने कागद चाळले. नोव्हेंबरात छातीत कफ, डिसेंबरात पुन्हा तेच, आता हे. "दुसरी काही औषधं चालू आहेत का?"

नाही म्हणालो.

इतकं चटकन म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं. गोळ्यांची पट्टी शर्टाच्या खिशातच होती.

५ फेब्रुवारी

रजा. दिवसभर उजव्या कुशीवर. कोणाशीही बोललो नाही. म्हणजे बोलायला कोणी नव्हतंच!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आमच्या संशोधन संस्थेचा पहारेकरी घरी सामान द्यायला आला. दारातूनच दिलं. त्याच्या आजोबांना नागीण झाली होती म्हणे. तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळालं की माणूस संपला, असं ऐकवून गेला. बरं वाटावं म्हणून आला होता बिचारा.

तो गेल्यावर आरशात पाहिलं. तोंड पोटाकडे, शेपूट मणक्याकडे. मध्ये हातभर अंतर आहे अजून. मलाच हसू आलं. तीस वर्षं प्रयोगशाळेच्या प्राणीघरात काढली, आणि नागिणीचं शेपूट मोजतोय.

उंदरांकडे कोण बघत असेल? बदली माणूस भुसा बदलतो, पण वास घेत नाही. वासावरून कळतं कोण आजारी आहे ते.

९ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा फोन. रविवारी सकाळी दहाला येतो, घड्याळ लावून घ्यावं. तिच्याकडे थंडी आहे, नव्या ऑफिसात खुर्च्या चांगल्या आहेत, जावयाचं पोट बिघडलं होतं. तुम्ही कसे आहात बाबा? मी ठणठणीत! नागिणीचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचे दहा प्रश्न आले असते, आणि त्यातला एक गोळीपर्यंत पोचला असता.

ही गेली त्याला तीन वर्षं झाली. गच्चीत कपडे वाळत घालता घालता खाली बसली ती उठलीच नाही. त्यानंतर माझं काय व्हायचं — रांगेत उभा राहिलो की छाती धडधडायची, लिफ्टचं दार बंद झालं की श्वास अडकायचा. मोठ्या दवाखान्यातल्या एकाने गोळी लिहून दिली. दोन आठवड्यांसाठी. चिठ्ठीवर तसं स्वच्छ लिहिलंय. औषधवाला चिठ्ठी बघतो, तारीख बघत नाही. दोन आठवड्यांची गोळी तीन वर्षं चालली. सकाळी एक, संध्याकाळी एक.

बाप घाबरतो हे लेकीला कसं सांगायचं? तिच्या लहानपणी पलंगाखाली बॅटरी मारून बघणारा मीच होतो ना!

११ फेब्रुवारी, मंगळवार

कामावर गेलो. बदली माणसाने खोली बरी ठेवली होती. नवी तुकडी आली आहे. अठ्ठेचाळीस उंदीर, पांढरे, सगळे एकाच वयाचे. चष्मेवालीचा प्रयोग. ही तिशीतली संशोधक आहे, चष्मा सतत कपाळावर चढवलेला आणि सतत तोच शोधत असते. सगळी संस्था मला उंदीरमामा म्हणते, ही नुसतं मामा म्हणते.

काम सोपं आहे. चोवीस उंदीर हिरव्या कार्डाचे, चोवीस पिवळ्या. हिरव्यांना साधं पाणी, पिवळ्यांना औषधाचं. पाण्याचे दोन मोठे कॅन, एकाचं झाकण हिरवं, एकाचं पिवळं. औषध ती स्वतः मिसळणार, बाटल्या मी भरायच्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार. नोंदवहीत सही माझी.

एका पिंजऱ्यात दोन. तो नियमच आहे. उंदराला एकटं ठेवायचं नाही, एकटा उंदीर आजारी पडतो. नियम भिंतीवर लावलाय, खाली संचालकांचा शिक्का. माणसांसाठी असा शिक्का कोणी मारत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज औषधाचा खोका उघडा राहिला होता टेबलावर. नाव वाचलं.

माझीच गोळी!

१७ फेब्रुवारी, सोमवार

तीन दिवस थांबलो. आज बाटल्या भरता भरता, सहज विचारल्यासारखं विचारलं, की मॅडम, हे औषध कशाचं, आणि उंदरांना कशासाठी.

तिला कोणी विचारलेलं आवडतं. एका उलट्या बादलीवर बसली आणि सांगत सुटली. हे घाबरटपणावरचं औषध आहे. मेंदूत जाऊन बसतं आणि तिथला गोंगाट कमी करतं. पण ते बसायला तशाच जागा रक्तातल्या पांढऱ्या पेशींवरही आहेत. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई. मेंदूला गुंगी येते तशी शिपायांनाही येते का, हा प्रश्न. काही जणांना उंदरांत तसं दिसलं, काहींना काहीच दिसलं नाही. ती उंदरांना बुधवारी एक लस टोचणार. दोन आठवड्यांनी रक्त घेणार. लशीला दोन्ही गटांच्या शिपायांनी सारखंच उत्तर दिलं की पिवळे मागे पडले, ते मोजणार.

"आणि माणसांत?"

ती म्हणाली, माणसांत फार अवघड आहे मामा. गोळी घेणाऱ्यांना छातीचे आजार जास्त होतात असं काही ठिकाणी मोजलंय. पण गोळी घेणारा माणूस मुळात झोपलेला नसतो, जेवलेला नसतो, एकटा असतो. आजार गोळीने आला की त्या जगण्याने? "भीतीही ताकद खाते. भीतीची गोळीही खात असेल. कोण किती खातं, एवढंच मला बघायचंय."

मी हो हो म्हटलं आणि बाटलीचं बूच घट्ट केलं. बरगडीवरची खपली चुरचुरत होती.

१८ फेब्रुवारी

छातीत कफ. छातीत कफ. नागीण. बोटांवर मोजलं. बोटं तीनच लागली, पण तीन पुरतात.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काल लस टोचून झाली. एकेकाला हातात धरून मीच दिलं तिला. एकतीस नंबरचा, ज्याचा कान फाटलाय, तो माझ्या अंगठ्याला चावला. त्याचं बरोबर होतं.

आज ठरवलं. गोळी बंद. आजपासून एकही नाही. माझे शिपाई तीन वर्षं पेंगतायत आणि अफू मीच पाजतोय त्यांना! पट्टी वरच्या फळीवर टाकली, डब्यामागे. फेकली मात्र नाही.

२१ फेब्रुवारी

काही विशेष नाही. उगाच घाबरलो होतो. मन घट्ट केलं की होतं सगळं.

२३ फेब्रुवारी, रविवार

होत नाही.

शुक्रवारी डोळा लागला नाही, काल नाही. कपबशीचा आवाज डोक्यात घणासारखा वाजतो. शर्ट दोनदा बदलला, घामाने भिजून. हाताची बोटं स्वतःच्या मनाने हलतात. कातडीखाली मुंग्या चालल्यासारखं. दहाला लेकीचा फोन आला तेव्हा रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. आवाज असा का येतोय विचारत होती. लाईन खराब आहे म्हटलं.

ही असती तर? नुसतं "काय होतंय?" म्हणाली असती. उत्तरही ऐकलं नसतं, तोवर पाण्याचा तांब्या पुढे केला असता. घरात रेडिओ लावून कामावर जातो मी. संध्याकाळी कुलूप काढताना आत कोणीतरी बोलत असावं म्हणून. आज तोही सहन होईना. बंद केला. मग घर इतकं गप्प झालं की परत लावला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कामावर गेलो. जायला नको होतं. दोन्ही कॅन धुतले, बाटल्या भरल्या, सही केली. सही माझी वाटत नाही, कोंबडीने माती उकरल्यासारखी दिसते.

चष्मेवालीने विचारलं, बरं नाही का. नागिणीचं दुखणं अजून ठणकतं म्हटलं. एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू.

२६ फेब्रुवारी, बुधवार

हे लिहावं की नाही कळत नाही. पण दुसरीकडे कुठे सांगणार?

सकाळी खोलीत शिरलो तेव्हाच काहीतरी वेगळं वाटलं. हिरव्या कार्डाचे उंदीर नेहमी माझी चाहूल लागली की जाळीशी येतात. आज एकेक भुशाच्या ढिगात पडून होता, डोळे अर्धवट. आणि पिवळे — पिवळे थाऱ्यावर नव्हते. पिंजऱ्याला नुसता हात लागला तरी उडत होते. एकतीस नंबर कोपऱ्यात थरथरत बसला होता. ते थरथरणं मी ओळखलं. गेले चार-पाच दिवस आरशात तेच बघतोय.

कॅनकडे गेलो. कॅनच्या पोटावर तिने बारीक अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत, एकावर 'औषध', एकावर 'साधं'. मी त्या कधीच वाचत नाही, झाकणं बघून भरतो. सोमवारी धुतल्यावर झाकणं उलटी लावली मी. औषधाच्या कॅनला हिरवं. तिने चिठ्ठी वाचून औषध बरोबर कॅनमध्ये घातलं. मी झाकण बघून चुकीच्या बाटल्यांत भरलं. दोन दिवस. चोवीस पिंजरे, चोवीस बाटल्या. आणि तेही लस टोचल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, शिपाई कामाला लागतात तेव्हा.

तीस वर्षांत एक बाटली चुकली नव्हती.

झाकणं बदलली. बाटल्या ओतल्या, धुतल्या, परत भरल्या. ती आत आली तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. नोंदवहीत लिहिलं — 'पाणी बदलले. सर्व ठीक.'

२७ फेब्रुवारी

अर्धी गोळी घेतली. फळीवरचा डबा काढताना चोरासारखं वाटलं. घर माझं, डबा माझा, गोळी माझी.

२ मार्च, रविवार

लेकीचा फोन. मी ठणठणीत. तू कशी?

कधी अर्धी घेतो, कधी दिवसभर घेत नाही, कधी राहवत नाही म्हणून एक पूर्ण. हात कमी थरथरतात, पण मन थरथरतंच. बाटल्या भरताना दर वेळी चिठ्ठी वाचतो, झाकण वाचतो, परत चिठ्ठी वाचतो. आता दहा वेळा बघून काय उपयोग? वरातीमागून घोडं.

५ मार्च, बुधवार

आज रक्त काढलं. शेपटीतून, थेंब थेंब. मी धरत होतो, ती काढत होती. तिचे हात फार हळुवार आहेत. प्रत्येकाला सोडताना त्याच्या पाठीवरून एक बोट फिरवते, तिच्या लक्षातही येत नसावं.

काम करता करता सांगत होती. पाच वर्षं झाली याच कामाला. समितीपुढे याच महिन्यात मांडायचंय. आई विचारते, अजून किती उंदीर मारणार? ती म्हणते, एकही फुकट मारायचा नाही, म्हणून तर इतका वेळ लागतो.

"एकही फुकट नाही." मी मान खाली घालून शेपटी धरून उभा.

१२ मार्च, बुधवार

निकाल आला. दोन्ही गट जवळपास सारखेच. पिवळे थोडे मागे, पण इतके थोडे की धरायचं कारण नाही. ती पहिल्यांदा गोंधळली, मग खूश झाली. म्हणाली, मामा, ही चांगलीच बातमी आहे. लाखो लोक ही गोळी घेतात. त्यांना सांगता येईल, निदान इथे तरी आम्हाला काही वाईट दिसलं नाही.

मीही हसलो. पुढे जे झालं ते इथे खरं लिहायला पाहिजे — मला आनंद झाला. मनापासून! गोळी निर्दोष. म्हणजे आज घरी जाऊन सुखाने घेता येईल, पूर्ण, सकाळ-संध्याकाळ. तिला कळणार नाही, कोणाला कळणार नाही. मला हवं तेच उत्तर आलं होतं.

आणि ते उत्तर माझ्याच हातांनी बिघडवलेलं होतं. हे जगात मला एकट्याला माहीत.

घरी आलो. पट्टी काढून टेबलावर ठेवली. घेतली नाही. भाकरी करपली.

१३ मार्च

सांगितलं तर काय होईल ते मोजत बसलो. नोकरीला अजून दीड वर्ष. खोटी नोंद म्हणजे चौकशी. आणि मग गोळीचं सगळ्यांना कळणार. 'उंदीरमामा गोळ्या खातो.' पहारेकऱ्यापासून संचालकांपर्यंत.

नाही सांगितलं तर? दोन दिवसांनी फरक पडला असेलच असं नाही. स्वतःला हे दिवसभर समजावलं. पटत आलं होतं. मग कुठूनशी एक बाई डोळ्यांपुढे आली, माझ्यासारखीच कुठेतरी एकटी राहणारी, तिसऱ्यांदा छातीत कफ झालेली. तिचा डॉक्टर तिला म्हणतोय, काळजी करू नका, तपासून झालंय.

तपासलं कोणी? मी.

१४ मार्च, शुक्रवार

सांगितलं.

सकाळी ती येण्याआधी दोन्ही कॅन टेबलावर ठेवले. ती आली, चष्मा कपाळावर, हातात कागदांची चळत. मी म्हटलं, मॅडम, बसा. ती त्याच उलट्या बादलीवर बसली. मी उभाच राहिलो. चोवीस तारखेचं पान उघडून दाखवलं, सव्वीस तारखेचं दाखवलं. झाकणं कशी उलटी लागली ते करून दाखवलं. आणि शेवटी 'सर्व ठीक' या शब्दांवर बोट ठेवलं.

तिने दोन्ही पानं पुन्हा वाचली. वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"दोन्ही गट? की एकच?"

"दोन्ही."

"पूर्ण दोन दिवस?"

"हो."

तिने चष्मा काढून पुसला. डोळे पुसले नाहीत, चष्माच पुसला. मग म्हणाली, कदाचित काहीच फरक पडला नसेल. कदाचित सगळा पडला असेल. "पण आता मला सांगता येणार नाही. आणि सांगता येत नाही म्हणजे नाहीच."

मी राजीनाम्याचा कागद पुढे केला. काल लिहून ठेवला होता. तिने वाचला, चार घड्या घातल्या आणि माझ्याच खिशात कोंबला. म्हणाली, तुम्ही गेलात तर दुसरी तुकडी कोण सांभाळणार? तुमची चूक तुम्ही सांगितलीत. बदली माणसाची मला कळलीही नसती. पण नोंदवहीचं मला वर कळवावं लागेल मामा, ते टळणार नाही. मी म्हटलं, टळू नये.

मग उठताना तिने विचारलं, "तीस वर्षांत झालं नाही ते त्याच दिवशी का झालं? हात का कापत होते तुमचे?"

खिशातून पट्टी काढली आणि तिच्या हातात दिली. नाव वाचलं तिने. पिवळ्या पिंजऱ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"कधीपासून?"

"तीन वर्षं. पण मी सोडली. तुम्ही सांगितलंत तेव्हापासून."

तिचा चेहरा उतरला, आधी उतरला नव्हता इतका. "एकदम सोडलीत? मामा, ही गोळी अशी सोडायची नसते. झटका येऊन पडला असतात इथे." मग हळू म्हणाली, "मी तुम्हाला उंदरांचं सांगत होते. तुम्ही स्वतःचं ऐकत होतात."

तीन वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी माहीत झालं. लाज वाटेल असं वाटलं होतं. झोप आली. इतकी झोप की तिथेच भिंतीला टेकून डोळे मिटले.

१५ मार्च, शनिवार

ती मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. सुट्टी असून! बाकावर माझ्या शेजारी बसली होती. बाकीच्यांना मुलगी वाटली असेल. मी खुलासा केला नाही.

या वेळी सगळं खरं सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. सोडायची तर महिनोन्महिने, चिमूट चिमूट कमी करत, म्हणाले. मी केलं तसं चालू-बंद, चालू-बंद म्हणजे सगळ्यात वाईट. आधी रोज नेमाने पूर्ण डोस घ्यायचा, मग हळूहळू उतरायचं. कागदावर पायऱ्या आखून दिल्या.

मी विचारलं, कफ आणि नागीण या गोळीनेच ना? त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मान चाचपली, काखेत दाबून पाहिलं. मग म्हणाले, आधी रक्त तपासू.

बरं झालं. गोळीने माझं काय केलं ते एकदाचं कळेल.

१९ मार्च, बुधवार

वरून पत्र आलं. ताकीद. माझ्या फायलीतली पहिली. संचालकांनी विचारलं, आणखी काही सांगायचंय? नाही म्हटलं. काय सांगायचं ते योग्य माणसाला सांगून झालं होतं.

तुकडी संपवली. अठ्ठेचाळीसही. काम तिचं होतं, पण मी म्हटलं, मीही थांबतो. एकेकाला मीच आणून दिलं. एकतीस नंबरला शेवटी. तो या वेळी चावला नाही.

फुकट गेले.

२१ मार्च

डॉक्टरांचा फोन. रक्तात शिपायांचा आकडा जरा विचित्र आलाय, मोठ्या दवाखान्यात आणखी एक तपासणी करून घ्या. गोळीमुळे का विचारलं. करून घ्या आधी, म्हणाले.

चष्मेवालीला सांगितलं. तिने हातातली बाटली खाली ठेवली. मग म्हणाली, सोबत येऊ का. नको म्हटलं, खूप कामं आहेत तुम्हाला. समितीपुढे तिने सगळं जसंच्या तसं मांडलं, माझं नाव न घेता. सहा महिन्यांची मुदत मिळाली आहे. नवी तुकडी पुढच्या महिन्यात.

२४ मार्च, सोमवार

तपासणी झाली. खूप बाटल्या रक्त घेतलं. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाबरोबर त्याची बायको होती, त्याची पिशवी धरून. माझी पिशवी मीच मांडीवर धरली.

३० मार्च, रविवार

लेकीचा फोन आला नाही. दहा वाजले, साडेदहा, अकरा. मी करावा का? नेहमी तीच करते. मी केला तर काहीतरी झालंय असं वाटेल तिला.

केला नाही. साडेबाराला आला. झोपून गेली होती म्हणे. मी ठणठणीत.

२ एप्रिल, बुधवार

रिपोर्ट आला. मूळ कारण गोळी नाही. तिने भर घातली असेल-नसेल, ते कोणी सांगू शकत नाही म्हणाले. आजार रक्ताचाच आहे, कॅन्सरचा एक प्रकार. शिपाई ढिगाने जन्मतात, पण लढायला एकही येत नाही. चाल संथ आहे, अशी माणसं कित्येक वर्षं जगतात. कधीपासून असेल विचारलं. तीन-चार वर्षं सहज, म्हणाले. म्हणजे ही होती तेव्हापासून. आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी मीच लेकीला फोन केला. रविवार नसताना. तिने काय झालं विचारलं आणि मी सांगत गेलो — गच्चीपासून आजपर्यंत. ती रडली नाही. गाडीची वेळ बघते म्हणाली, आणि फोन ठेवू नका म्हणाली. तासभर झाला. ती तिकडे बॅग भरतेय, मी इकडे हे लिहितोय, फोन कानालाच आहे.